लघवी खरंच 'निर्जंतुक' असते का? 'गोल्डन शॉवर'बद्दल प्रौढांना माहीत असायला हव्यात अशा गोष्टी

लैंगिक सुखासाठी लघवीचा वापर करणं, म्हणजे जोडीदाराच्या अंगावर लघवी करणं, करवून घेणं किंवा ती रोखून धरण्याचा खेळ करणं, याला इंटरनेटवर 'गोल्डन शॉवर', 'वॉटरस्पोर्ट्स' किंवा 'पी प्ले' म्हणतात. वैद्यकीय पुस्तकांत 'युरोलॅग्निया' असा शब्द सापडतो. मराठीत मात्र याला रूढ शब्दच नाही. त्यामुळे मराठीत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळतं ते टोकाचं. कुणी सांगतं, 'लघवी तर निर्जंतुक असते, बिनधास्त करा.' कुणी सांगतं, 'ही विकृती आहे, एड्स होईल.'

यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसऱ्यातले दोन्ही दावे चुकीचे आहेत. निरोगी प्रौढाची लघवी दुसऱ्याच्या धडधाकट त्वचेवर पडली तर सहसा काही होत नाही. पण डोळा, तोंड, जखम, ओली फरशी, बंद बाथरूम आणि मोबाइल या ठिकाणी गोष्टी बिघडू शकतात, आणि त्या बिघडू नयेत यासाठी बरंच काही करता येतं. हा लेख फक्त 18 वर्षांवरील आणि स्वखुशीने हे करणाऱ्या लोकांसाठी आहे.

शिवांबू आणि 'निर्जंतुक'चा गैरसमज

महाराष्ट्रात लघवीचा विषय तसा नवा नाही. घरातल्या कुणी ना कुणी 'शिवांबू' हा शब्द ऐकलेला असतो. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले आणि पुढे 1977 ते 1979 या काळात पंतप्रधान असलेले मोरारजी देसाई स्वतःचं मूत्र पीत असल्याचं उघडपणे सांगत. 1978 साली अमेरिकी टीव्हीवरच्या मुलाखतीतही त्यांनी ते सांगितलं आणि जगभर चर्चा झाली. मूत्रपानाने आजार बरे होतात, याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. पण एवढा मोठा माणूस रोज पितो म्हणजे ते शुद्धच असणार, हा समज मात्र पक्का झाला.

यात एक मोठा फरक सुटून जातो. शिवांबू घेणारा स्वतःची लघवी पितो. त्यातले जंतू आधीच त्याच्या शरीरात असतात. दुसऱ्याची लघवी घेतली की दुसऱ्याचे जंतू, दुसऱ्याची औषधं आणि दुसऱ्याचे आजार यांचाही प्रश्न येतो.

'निर्जंतुक' हा शब्द आला प्रयोगशाळेतून. लघवीच्या कल्चर रिपोर्टवर 'नो ग्रोथ' लिहिलेलं अनेकांनी पाहिलं असेल. संसर्ग ओळखण्यासाठी 1950 च्या दशकात एक मर्यादा ठरवली गेली: एका मिलिलिटरमध्ये जिवाणूंच्या एक लाखाहून जास्त वसाहती आढळल्या तर संसर्ग धरायचा. त्याखालचं सगळं 'निगेटिव्ह'. शिवाय नेहमीच्या चाचणीत ठरावीक जिवाणूच वाढतात. 2012 नंतर शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी जास्त बारकाईच्या पद्धती वापरल्या, तेव्हा कोणताही त्रास नसलेल्या बायकांच्या मूत्राशयातही जिवंत जिवाणू सापडले. म्हणजे 'नो ग्रोथ'चा अर्थ 'उपचार करण्यासारखा संसर्ग दिसत नाही' एवढाच आहे. शिवाय मूत्राशयातून बाहेर येताना लघवी मूत्रमार्ग आणि त्वचा धुऊनच येते. तिथे जे असेल ते तिच्यासोबत येतं.

उरलेली लघवी म्हणजे सुमारे 95 टक्के पाणी आणि बाकी युरिया, क्षार, क्रिएटिनिन वगैरे. ते विष नाही.

लेप्टो सगळ्यांना माहीत आहे, दारं तीच आहेत

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाला लघवीतून आजार कसा पसरतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलं की महापालिका सांगते, पायाला जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. उंदीर आणि गुरांच्या लघवीतला जिवाणू पाण्यात मिसळतो आणि माणसाच्या कापलेल्या त्वचेतून किंवा डोळे, नाक, तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातून आत शिरतो.

माणसाकडून माणसाला लेप्टो होणं फार दुर्मीळ आहे. पण जंतू आत शिरण्याची दारं कोणती, हे या उदाहरणातून नीट कळतं. सलग, कोरडी, न खरचटलेली त्वचा म्हणजे बंद दार. डोळा, तोंड, नाक, योनी, गुदद्वार आणि जखम ही उघडी दारं. जखम म्हणजे फक्त मोठं कापलेलं नाही. सकाळी रेझर फिरवलेली जांघ, नुकतंच वॅक्सिंग केलेले पाय, खाजवून सोललेला नायटा, फुटलेला पिंपल, नवा टॅटू, हे सगळं त्यात आलं. त्यामुळे त्या दिवशी दाढी किंवा केस काढू नयेत. काढलेच असतील तर लघवी त्या भागापासून लांब ठेवावी.

डोळ्याचं दार सगळ्यात नाजूक. 1981 साली अमेरिकेतल्या मायामी भागात डोळे येण्याची साथ होती आणि काही लोकांनी घरगुती उपाय म्हणून डोळ्यांत लघवी घातली. त्यातून काहींच्या डोळ्यांना गनोरियाचा, म्हणजे परम्याचा संसर्ग झाला. परम्याचा जिवाणू मूत्रमार्गात राहतो आणि लघवीबरोबर बाहेर येतो. म्हणूनच तर परमा आणि क्लॅमिडियाची तपासणी लघवीच्या पहिल्या धारेवर करता येते! परम्यामुळे डोळ्याच्या बुबुळाला भोक पडून दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे लघवी गळ्याच्या खाली ठेवणं हा सगळ्यात सोपा नियम. चेहऱ्यावर घ्यायचीच असेल तर पोहण्याचा चष्मा हास्यास्पद दिसेल, पण उपयोगी आहे. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढून ठेवाव्यात. डोळ्यात गेलीच तर स्वच्छ वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवावा. एक-दोन दिवसांत डोळा लाल झाला, सुजला, पू आला, तर मेडिकलमधून ड्रॉप आणून न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

एचआयव्हीबद्दल स्पष्ट सांगायला हवं: लघवीतून एचआयव्ही पसरत नाही. लघवीत रक्त दिसत असेल किंवा मासिक पाळीचं रक्त मिसळलं असेल तर मात्र विचार बदलतो, कारण तेव्हा प्रश्न रक्ताचा असतो. 'ब' प्रकारच्या काविळीचंही तसंच. तिचा मुख्य मार्ग रक्त आणि शरीरसंबंध. तिच्यावर चांगली लस आहे. सरकारी लसीकरणात ही लस देशभर 2011 च्या सुमारास पोहोचली, त्यामुळे आज पंचवीस-तिशीत असलेल्या अनेकांना ती मिळालेली नाही. प्रौढांना तीन डोस लागतात: पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या कुणीही ती घ्यावी, किंक असो वा नसो.

तोंडात गेली तर

थोडीशी लघवी तोंडात गेली किंवा गिळली गेली म्हणून निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. जास्त प्रमाणात, वारंवार प्यायली तर शरीराने बाहेर टाकलेले क्षार आणि युरिया परत आत जातात, तहान वाढते, मळमळ होते, उलट्या-जुलाब होतात. किडनीच्या रुग्णाने तर अजिबात पिऊ नये, कारण त्याच्या शरीरात पोटॅशियम आधीच साचत असतं आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंड आलं असेल, नुकताच दात काढला असेल तर तोंडाचं दार नेहमीपेक्षा जास्त उघडं असतं. नंतर पाण्याने चूळ भरावी. लगेच खसाखसा ब्रश करू नये, त्याने हिरड्या खरचटतात.

टायफॉइडचा जंतूही आजारात आणि काही लोकांत आजार बरा झाल्यावरही लघवीतून बाहेर पडू शकतो. त्यामुळे जोडीदाराला नुकताच टायफॉइड होऊन गेला असेल तर काही महिने तोंडाचा संबंध नकोच.

एका गोष्टीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही: औषधं. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन इतकं दुर्मीळ होतं की रुग्णाच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा वापरलं गेलं. म्हणजे गोळीचा बराच भाग जसाच्या तसा लघवीत उतरू शकतो. जोडीदार अँटिबायोटिक घेत असेल आणि दुसऱ्याला त्याच औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर हा धोका फक्त पुस्तकातला नाही. टीबीच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, बी-कॉम्प्लेक्सने गर्द पिवळी. ही फक्त रंगाची गोष्ट. पण केमोथेरपीची औषधं आणि संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट लघवीतून बाहेर येतात आणि ती दुसऱ्याच्या शरीरात जाणं घातक आहे, गर्भवतीच्या तर नक्कीच. केमो सुरू असलेल्या रुग्णाची लघवी हाताळताना घरच्यांनाही हातमोजे घालायला सांगतात.

कोणी टाळावं, कधी टाळावं

'उन्हाळी लागली' असं आपल्याकडे सहज म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचं पाणी पिऊन मोकळे होतात. जळजळ, सारखं सारखं लघवीला होणं, ओटीपोटात दुखणं, गढूळ किंवा उग्र वासाची लघवी, ताप, लघवीत रक्त, यातलं काहीही असेल तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मुतखडा असू शकतो. बरं होईपर्यंत थांबावं आणि तपासून घ्यावं. जननेंद्रियावर फोड, चट्टा, स्राव असेल तरी थांबावं.

गरोदर स्त्रीने दुसऱ्याची लघवी तोंड, डोळे आणि योनीपासून लांबच ठेवावी. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू लघवीतून बाहेर पडतो. बहुतेक प्रौढांना तो लहानपणी होऊन गेलेला असतो आणि त्रासही देत नाही, पण पोटातल्या बाळाच्या ऐकण्यावर आणि मेंदूवर परिणाम करू शकतो. झिकाचा विषाणूही लघवीत सापडतो. अवयव प्रत्यारोपण झालेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, उपचार न घेतलेले एचआयव्हीबाधित, यांनीही फक्त त्वचेपुरतंच ठेवावं.

योनीत किंवा गुदद्वारात लघवी सोडणं हा यातला सगळ्यात वाईट प्रकार आहे. योनीचं आतलं आम्लीय वातावरण बिघडतं, आणि आतड्याचं अस्तर नाजूक असल्याने औषधं, क्षार आणि जंतू भराभर शोषले जातात. कॅथेटर किंवा कुठलीही नळी घरी मूत्रमार्गात घालणं त्याहून वाईट. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणजे जंतूंना मूत्राशयापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पुरुषाचा लांब आणि वळणाचा, म्हणजे आतून फाटायला सोपा. एकदा फाटला की तो जुळताना आकसतो आणि लघवीची धार आयुष्यभरासाठी बिघडू शकते.

तांब्याभर पाणी, बादलीभर नाही

लघवी फिकट आणि कमी वासाची हवी म्हणून आधी पाणी पितात. ते ठीक आहे. दोन-तीन तास आधीपासून थोडं थोडं, एकूण चार-पाच पेले पुरे होतात. पण काही जण तासाभरात तीन-तीन लिटर पितात. किडनी तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून जास्त गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, उलट्या, बडबडणं, झटके, अशी ती वाट आहे आणि ती मृत्यूपर्यंत जाते. पाणी पिऊन उलटी झाली तर अजून पाणी पाजू नये. बडबड किंवा झटके असतील तर 108 ला फोन करावा.

ब्लड प्रेशरसाठी दिलेल्या 'लघवी काढणाऱ्या' गोळ्या घरातून उचलून घेणं हाही तसाच प्रकार. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही उतरतं, चक्कर येते, हृदयाची लय बिघडू शकते. बिअरने लघवी भरपूर होते हे खरं, पण दारूने संमतीचाही गोंधळ होतो आणि ओल्या फरशीवर तोलही जातो.

रोखून धरण्याच्या खेळात मूत्राशय फुटण्याची भीती निरोगी माणसाला जवळपास नसते. सवयीने रोखलं तर संसर्ग मात्र वाढतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषाची लघवी एकदा तुंबली की दवाखान्यातच नळी घालून काढावी लागते. दुखायला लागलं की सोडून द्यावं.

बाथरूममधला धोका लघवीचा नाही

कल्याण-डोंबिवलीच्या फ्लॅटमधली बाथरूम केवढी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. चार बाय सहाच्या जागेत दोन माणसं, दार बंद, खिडकीची काच आवाज जाऊ नये म्हणून लावलेली. त्यात गॅस गीझर चालू असेल तर हीच या लेखातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट आहे. हवा कमी पडली की गीझरच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग पायातलं बळ जातं आणि दाराची कडी काढायचीही ताकद उरत नाही. गॅस गीझरमुळे बंद बाथरूममध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात येतात. पाणी आधी तापवून बादलीत भरून घ्यावं, गीझर बंद करावा, मग दार लावावं.

फरशीवर रबरी मॅट टाकावी. गुडघ्यावर बसणाऱ्यासाठी जुना टॉवेल. पलंगावर करायचं असेल तर लहान बाळाखाली घालतात ते मेणकापड आणि त्यावर जाड चादर. मेडिकलमध्ये प्रौढांसाठीची अंडरपॅडही मिळतात. गादीच्या कापसात मुरलेली लघवी मात्र कुठल्याही अत्तराने जात नाही.

आवरताना एक चूक वारंवार होते. वास जावा म्हणून लघवीवर ब्लीच किंवा क्लोरीनवालं फ्लोअर क्लीनर ओततात. साचलेल्या लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, आणि ब्लीच-अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन नावाचा वायू सुटतो. ब्लीचमध्ये संडासाचं आम्लवालं क्लीनर मिसळलं तर थेट क्लोरीन. बंद जागेत दोन्हींमुळे खोकला आणि छातीत जळजळ होते, दम्याच्या माणसाची अवस्था गंभीर होऊ शकते. म्हणून आधी भरपूर साधं पाणी, मग साबण, मग दार-खिडकी उघडून बाकीचं. अंगावर साधा साबण आणि कोमट पाणी पुरतं. योनीच्या आत साबण नको. लघवी अंगावर वाळू दिली तर कातडीला खाज सुटते, बाळाला नॅपीने पुरळ येते तशीच. नंतर संभोग करायचा असेल तर आधी धुवावं, पुसावं आणि कोरड्या हाताने नवा कंडोम काढावा.

तोंडावर कापड टाकून त्यावर लघवी किंवा पाणी ओतणं म्हणजे गुदमरवणं आहे, तिथे सुरक्षित पद्धत नाहीच. हातपाय बांधलेल्या माणसाला उताणं ठेवून तोंडात ओतू नये आणि त्याला एकटं सोडून जाऊ नये.

'हो' कशाला म्हणायचं

जुलै 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या सीधी जिल्ह्यात एका आदिवासी माणसाच्या अंगावर लघवी केल्याचा व्हिडिओ देशभर पसरला. बहुतेक भारतीयांच्या मनात 'अंगावर लघवी' म्हणजे हेच: जातीचा माज, अपमान, अत्याचार. ज्यांच्या घरात असल्या आठवणी आहेत त्यांच्यासाठी ही कृती कधीच नुसता खेळ नसते. म्हणून दोघांनी आधी बोलताना 'कुठे, किती' एवढंच विचारून भागत नाही. याचा अर्थ तुझ्यासाठी काय आहे, कोणते शब्द चालतील, कोणते मुळीच नाही, हेही विचारावं लागतं. जातीवरून, रंगावरून, आईवडिलांवरून काही बोलायचं नाही, अशी रेघ बरेच जण आखतात. ती आधीच आखलेली बरी.

हे बोलणं कपडे घातलेले असताना, शुद्धीत असताना, चहा पिताना व्हावं. थांबवण्यासाठी एक ठरलेला शब्द हवा, 'लाल' किंवा 'बस'. तोंडाने बोलता येणार नसेल तर मांडीवर तीन थापा. पहिल्यांदा अंघोळीच्या वेळी, पायावर, थोडंसं. नको वाटलं तर तिथेच संपवायचं आणि कारण विचारायचं नाही.

'नवऱ्याने पॉर्न पाहिलं आणि माझ्यावर करतो, मला किळस येते,' अशी तक्रार वेगळ्या रकान्यातली आहे. ती किंक नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्त्रीला हीन वागणूक देणारं, तिची प्रतिष्ठा मोडणारं लैंगिक वर्तन हिंसाचार मानलं आहे, आणि लग्न झालेलं असणं ही त्यावर सबब होत नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

खडवलीला जाण्याआधी

वन-रूम-किचनमध्ये सासू-सासरे आणि दीर असताना हे कुठे करायचं? मग कसारा लोकल पकडून टिटवाळ्याच्या पुढचं खडवली स्टेशन, भातसा नदी, आसपासची फार्महाऊस आणि लॉज आठवतात. पावसाळ्यात सहलीला येणाऱ्यांची तिथे गर्दी असते, आणि नदी दिसते तेवढी शांत नाही. भातसाकाठी बुडून मेलेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. एकांत शोधत दारू पिऊन खडकांवर जाणं हा कुठल्याही जंतूपेक्षा मोठा धोका. शिवाय हेच भातसेचं पाणी पुढे पिसे इथून उचलून मुंबईला पितात.

उघड्यावर काही केलं तर अश्लील कृत्याचा गुन्हा लागू शकतो. खोलीच्या आत गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे टाकून सुमारे चाळीस जोडप्यांना बाहेर काढलं आणि अनेकांवर 'सार्वजनिक' असभ्य वर्तनाचं कलम लावलं. बंद खोली सार्वजनिक कशी, यावरून तेव्हा मोठी टीका झाली. दोन प्रौढांनी, लग्न झालेलं नसताना, हॉटेलात एकत्र राहणं हा भारतात गुन्हा नाही. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. लघवीच्या खेळावर वेगळं कलम कुठेच नाही. भीतीपोटी, फसवून किंवा नशेत मिळवलेला 'हो' मात्र कायद्याने 'हो' नाही. 18 वर्षांखालच्या व्यक्तीचा 'हो' धरलाच जात नाही; तिथे पॉक्सो लागतो. दोघांनीही खरी ओळखपत्रं जवळ ठेवावीत आणि लॉजच्या रजिस्टरमध्ये खरी नावं लिहावीत.

अ‍ॅपवर भेटलेल्या माणसाला पहिल्यांदा थेट फार्महाऊसवर भेटू नये. स्टेशनबाहेर, चार माणसांत भेटावं. कुठे जातोय आणि परतीची कोणती लोकल पकडणार हे एका मित्राला कळवावं. कसारा मार्गावर गाडी चुकली की पुढची लगेच नसते. खोलीत गेल्यावर दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चने आरसा, घड्याळ, स्मोक डिटेक्टर, प्लगचे खड्डे बघावेत. छुप्या कॅमेऱ्याची काच चमकते.

आणि चित्रीकरण नकोच. संमतीने केलेल्या कृत्याचा व्हिडिओ भांडण झाल्यावर संमतीने फिरत नाही, आणि लघवीचा व्हिडिओ म्हटल्यावर पैसे उकळणाऱ्याला दुप्पट जोर चढतो. दुसऱ्याच्या खासगी अवयवांचं चित्रण त्याच्या संमतीशिवाय पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ई खाली गुन्हा आहे. उघड लैंगिक चित्रण प्रसारित करण्याला 67-ए खाली पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नयेत, चॅट पुसू नये, स्क्रीनशॉट घ्यावेत आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. पैसे गेले असतील तर लगेच 1930. 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा आपला फोटो अपलोड न करता त्याचा डिजिटल ठसा बनवते आणि मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांना तो रोखायला मदत करते.

डॉक्टरांना काय सांगायचं

मराठीत लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देण्याची परंपरा आहे आणि तिची किंमतही चुकवलेली आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड भरला, मासिक चालूच राहिलं. आज तेच प्रश्न इन्कॉग्निटो टॅबमध्ये विचारले जातात.

विकृती म्हणावी का, यावर वैद्यकशास्त्राची भूमिका आता स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या वर्गीकरणात संमतीने होणारी वेगळी आवड हा आजार नाही. दुसऱ्याच्या संमतीशिवाय होत असेल, इजेचा किंवा जिवाचा मोठा धोका असेल, किंवा त्या माणसालाच त्या आवडीमुळे तीव्र त्रास होत असेल, तरच निदानाचा प्रश्न येतो. हा त्रास फक्त 'लोक काय म्हणतील' या भीतीचा असेल तर तोही आजार धरत नाहीत.

डॉक्टरांसमोर सगळा इतिहास सांगायची गरज नसते. 'जोडीदाराची लघवी डोळ्यात गेली, दोन दिवस झाले, पू येतोय' एवढं वाक्य पुरतं. 'तोंडात गेली, घसा दुखतोय, परम्याची तपासणी हवी' हेही. हे न सांगता नुसतं 'घसा दुखतो' म्हटलं तर पाच दिवसांचं नेहमीचं अँटिबायोटिक मिळतं आणि परमा तिथेच राहतो, कारण त्याचं औषध वेगळं असतं. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. कल्याणकरांना महापालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय जवळ पडतं, डोंबिवलीकरांना शास्त्रीनगर. एचआयव्हीच्या माहितीसाठी 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार त्या चाचणीसाठी संमती घेणं आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. रक्ताचा संबंध आला असेल किंवा कंडोमशिवाय संभोग झाला असेल तर 72 तासांच्या आत जावं, कारण एचआयव्ही रोखणारी औषधं त्यानंतर सुरू करून उपयोग होत नाही.

तपासणी दोघांनी एकत्र करावी. एकट्यानेच औषध घेतलं तर पंधरा दिवसांनी परमा परत त्याच घरात येतो.